कोणी काय नेसावे

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्यातल्या सोनारांनी ब्राह्मणांसारखे धोतर नेसायला सुरुवात केली, आणि भेटल्यावर एकमेकांना नमस्कार घालायलाही. पेशव्यांच्या सरकारला दोन्ही गोष्टी खपल्या नाहीत. मुंबईवर तेव्हा कंपनीचा अंमल होता. पण तिथल्या कौन्सिलनेही १७७९ साली सोनारांनी नमस्कार घालू नये असा ठराव करून टाकला. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी जातिव्यवस्थेवरच्या १९३२ सालच्या आपल्या ग्रंथात या प्रकरणाची दखल घेतली आहे. अभ्यासकांचे लक्ष बहुधा नमस्काराकडे जाते. मला त्यातल्या धोतराचे कुतूहल जास्त वाटते. हा तंटा तलम धोतरावरून किंवा रेशीमकाठावरून झाला नव्हता. कापड तेच, लांबी तीच, किंमतही तीच. निऱ्या कशा काढायच्या आणि कुठे खोचायच्या एवढ्याच गोष्टीवरून सरकारदरबार हलला होता.

वेशभूषेच्या इतिहासाची प्रस्तावना मोहेंजोदडोच्या शालधारी पुतळ्यापासून किंवा अजिंठ्याच्या भित्तिचित्रांपासून सुरू करायची आपल्याकडे पद्धत आहे. खुद्द घुर्ये यांनीही १९५१ साली भारतीय वेशभूषेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिताना शिल्पे आणि चित्रे यांचाच मोठा आधार घेतला. मालवणात जन्मलेल्या आणि मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पाया घालणाऱ्या या माणसाला पोशाख हा गंभीर अभ्यासाचा विषय वाटला, हेच त्या काळात विशेष होते. 'कपड्यालत्त्यात काय अभ्यासायचे' असे म्हणणारे विद्वान तेव्हाही होते आणि आजही आहेत. हीच माणसे मुलीने कॉलेजात काय घालून जावे यावर तासभर बोलतात ते वेगळे. पण शिल्पांतून कळते ते राजे, यक्ष आणि अप्सरा काय नेसत ते. कोणाला काय नेसायची मुभा नव्हती हे शिल्पांत दिसत नाही. त्यासाठी दप्तरे, हुकूम, फिर्यादी आणि माणसांच्या आठवणी धुंडाळाव्या लागतात. माझ्या मते आपल्या वेशभूषेच्या इतिहासाचे खरे दार त्या बाजूला आहे.

फॅशनविषयीची जी सैद्धांतिक मांडणी आपण वाचतो ती बहुतेक युरोप-अमेरिकेत घडली. थॉर्स्टीन व्हेब्लेनने १८९९ साली रिकामटेकड्या धनिकवर्गावर पुस्तक लिहिले. महागडा आणि कष्टाच्या कामाला निरुपयोगी पोशाख म्हणजे 'मला राबावे लागत नाही' ही जाहिरात, असा त्याचा मुद्दा होता. गेऑर्ग झिमेलने १९०४ मध्ये त्याला गती दिली. खालचा वर्ग वरच्याची नक्कल करतो, तो जवळ पोचला की वरचा वर्ग कपडे बदलतो, आणि हा पाठलाग चालू राहतो म्हणून फॅशन बदलत राहते. रोलां बार्थने १९६७ साली कपडे बाजूला ठेवून फॅशनच्या मासिकांतला मजकूरच तपासला. कपड्याभोवती शब्दांनी जो अर्थ विणला जातो त्याचे व्याकरण त्याने मांडले. पुस्तक कमालीचे रटाळ आहे, पण दृष्टी पक्की आहे.

यातला झिमेल आपल्याकडे सर्वांत जास्त उद्धृत होतो आणि मला वाटते सर्वांत कमी लागू पडतो. त्याच्या मांडणीत नक्कल करायला आडकाठी असते ती फक्त पैशाची. युरोपातही कोणी कोणता रंग, कोणती लोकर, कोणते फर वापरावे याचे कायदे शतकानुशतके होते. पण इंग्लंडने ते १६०४ साली रद्द केले आणि फ्रान्सच्या क्रांतिकारकांनी १७९३ साली कोणावरही विशिष्ट पोशाखाची सक्ती करता येणार नाही असे फर्मान काढले. कायद्याचे कुंपण गेल्यावर किमतीचे कुंपण उरले, आणि झिमेलचा पाठलाग त्या कुंपणावरून चालतो. आपल्याकडची खूण मुळात फुकट होती. धोतराच्या निऱ्या बदलायला दमडी लागत नाही. जी खूण कोणालाही फुकटात उचलता येते तिची राखण किंमत करू शकत नाही. तिथे हुकूम लागतो, जातपंचायत लागते, वेळ पडली तर काठी लागते.

शिवलेल्या आणि नेसलेल्या कपड्यात हाच मोठा फरक आहे. नऊवारी लुगडेच घ्या. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास सलग कापड. त्याला ना कात्री लागते ना सुई. एक टोक कमरेला गुंडाळून गाठ मारायची, पुढे निऱ्या घालून खोचायच्या, मग निऱ्यांचा खालचा काठ दोन्ही पायांमधून मागे नेऊन कमरेला घट्ट खोवायचा, म्हणजे कासोटा झाला. उरलेले कापड पदराला. पुढच्या ओच्यात पैसे, सुपारी, शेतातल्या चार शेंगा, काहीही मावते. आतून परकर लागत नाही. घोड्यावर बसता येते, भात लावता येतो, झाडावर चढता येते. यंत्र म्हणून पाहिले तर इतके कमी भाग असलेले आणि इतके काम देणारे दुसरे वस्त्र मला माहीत नाही. पण हेच लुगडे पुण्याच्या वाड्यात घोट्यापर्यंत येई आणि काठ नीट दिसेल असे नेसले जाई. शेतातली कुणबीण ते वर ओढून आखूड नेसे, कोळीण गुडघ्यापाशी घट्ट आवळून घेई. कामाची सोय हे त्यामागचे एक कारण खरेच. पण सोयीची रीत बघता बघता जातीची खूण बनली, आणि खूण झाल्यावर ती सोडायची मोकळीक राहिली नाही. काम नसतानाही लुगडे गुडघ्याच्या खाली सोडायचे नाही, असे झाले.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या दुसऱ्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले. त्या भाषणात शिक्षण आहे, स्वच्छता आहे, आणि पोशाखावर चांगला लांब भाग आहे. तुमची लुगडी नेसायची पद्धत आणि अंगावरचे ते जड दागिने ही अस्पृश्यतेची खूण आहे, ती टाका, असे त्यांनी सांगितले. वरच्या जातीच्या बायका नेसतात तसे नेसा, त्याला जास्तीचा खर्च येत नाही, हेही सांगितले. सभेनंतर काही सवर्ण कार्यकर्त्या स्त्रियांनी तिथेच लुगडे खालपर्यंत कसे नेसायचे ते करून दाखवले. 'खर्च येत नाही' हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. व्हेब्लेनच्या चौकटीत खर्च न येणारी प्रतिष्ठा बसतच नाही. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकलेले अर्थशास्त्रज्ञ होते. पैशाने अडलेली गोष्ट कोणती आणि माणसांनी अडवलेली कोणती, हे त्यांना नेमके दिसत होते. त्रावणकोरात नाडर स्त्रियांना अंग झाकण्यासाठी कित्येक दशके झगडावे लागले आणि १८५९ साली तिथल्या दरबाराला तशी परवानगी जाहीर करावी लागली. प्रांत वेगळा, राज्य वेगळे, कुलूप तेच.

याच दृष्टीने त्यांच्या सुटाकडेही पाहावे. त्यावर बरेच लिहिले गेले आहे, बहुतेक पाश्चात्त्य शिक्षण, आधुनिकता, आत्मसन्मान या अंगाने. ते चूक नाही. मी त्यात एक साधी शिवणाची गोष्ट जोडेन. सुटाला नेसण नसते. धोतर नेसले की ते कोणाच्या पद्धतीचे हे शंभर पावलांवरून कळते. कोटाच्या बाह्या मात्र जशा शिंप्याने शिवल्या तशाच सगळ्यांच्या. गांधीजींनी सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईत पंचा स्वीकारला आणि अंगावरचे कपडे कमी केले. बाबासाहेबांनी कपडे वाढवले. ज्याच्या अंगावरून कोणी बळाने काही काढून घेतलेले नाही त्याला त्याग करता येतो. ज्याला अंगावर चढवूच दिले नव्हते त्याने काय त्यागायचे? गावोगावच्या पुतळ्यांत बाबासाहेब सुटाबुटातच उभे असतात, आणि ते तसेच असायला हवेत असा आग्रह धरणाऱ्यांना हे सिद्धांताशिवाय कळलेले असते.

या दोघांच्या आधी जोतीराव फुल्यांनी तिसराच डाव टाकला होता. १८८८ साली ड्यूक ऑफ कॅनॉट पुण्यात आले असताना त्यांच्यासाठी मेजवानी झाली. शहरातली मातब्बर मंडळी जरीत आणि दागिन्यांत आली. जोतीराव आले ते गरीब शेतकऱ्याच्या वेशात. खांद्यावर घोंगडी, डोक्याला फाटके मुंडासे, पायात झिजलेल्या वहाणा. दारावर अडवाअडवी झाली, पण ते आत गेले, आणि इथे बसलेले लोक म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खरी रयत खेड्यात अशी राहते, असे त्यांनी पाहुण्यांना ऐकवले. एरवी जोतीराव नीटनेटके राहत. ठेकेदारी आणि व्यवसाय करणाऱ्या गृहस्थाला शोभेल असा त्यांचा पोशाख असे. त्या दिवशीचा वेश निवडलेला होता. पोशाखाला वाक्यासारखे वापरणारा इतका नेमका माणूस एकोणिसाव्या शतकाच्या महाराष्ट्रात दुसरा सापडत नाही.

अर्थात वस्त्राने बोलायची सवय सत्तेला जुनीच. मोगल दरबारात खिलत घेणे म्हणजे चाकरी पत्करणे; १६६६ साली आग्र्याला शिवाजी महाराजांनी ती नाकारली तेव्हा दरबारात कोणालाही अर्थ समजावून सांगावा लागला नसेल. शाहू छत्रपतींनी १७१३ साली बाळाजी विश्वनाथांना आणि १७२० साली पहिल्या बाजीरावांना पेशवाईची वस्त्रे दिली. पद दिले असे न म्हणता वस्त्रे दिली असेच आपण अजूनही म्हणतो. हा दरबारी इतिहास आपल्याकडे पुरेसा लिहिला गेला आहे, म्हणून त्यात फार रेंगाळत नाही.

गोव्याचे मात्र वेगळे सांगायला हवे, कारण तिथे नेसण्यावरचा हुकूम लेखी आहे आणि त्यामागे धर्मपीठ आहे. १७३६ साली इन्क्विझिशनच्या आज्ञापत्राने बाटून ख्रिस्ती झालेल्या गोवेकरांना जुन्या चालीरीती सोडायला लावल्या. त्या यादीत पुरुषांचे पुडवें होते आणि बायकांची चोळीही होती. देव बदलल्यावर धोतर का बदलायचे? कारण धर्मपीठाच्या नजरेत शिवलेला माणूस ख्रिस्ती आणि नेसलेला माणूस हिंदू. जंगलात, शेतात राबणाऱ्या कुणबी बाईचे गुडघ्यापर्यंतचे चौकड्यांचे, खांद्यावर गाठ मारलेले कापड मात्र या सगळ्यातून कसेबसे वाचले. अलीकडे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ते पुन्हा विणून घेतले, मंचावर आणले आणि २०१२ साली गोव्याच्या पोशाखावर मोठा ग्रंथही लिहिला. त्यांचे काम मोलाचे आहे. तरी आखूड नेसण ही ज्यांच्या अंगावर हीनपणाची खूण होती त्यांना सोडून ती आता पैसेवाल्यांच्या कपाटात जाऊन बसली, हेही नोंदवायला हवे.

आपल्याकडे झिमेल खरा ठरू लागला तो गिरणी आल्यावर. मुंबईत कावसजी दावरांनी १८५४ साली पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली. १९०४ मध्ये इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी यंत्रमाग आणला. कापड स्वस्त झाले, रेल्वेने गावोगाव गेले, आणि दुकानदार गिऱ्हाइकाची जात विचारून लुगडे विकेना. मग रंगभूमीने वाट दाखवली. बालगंधर्व रंगमंचावर जे शालू-पैठण्या नेसत, अंबाड्यावर गजरा जसा माळत, ते बघायला बायका येत आणि घरी जाऊन तसे करून पाहत. स्त्रीवेशातला पुरुष मध्यमवर्गीय स्त्रियांना नेसणे शिकवतो, यात त्या काळाच्या संकोचाची मोठी गंमत दडली आहे. घरंदाज बाईने सर्वांदेखत नटून उभे राहायचे नाही, म्हणून तिच्या वतीने तो उभा राहिला. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढल्यावर त्याच्या शिळाप्रेस चित्रांनीही तेच केले. त्याच्या कित्येक पौराणिक नायिका मराठी धाटणीने नेसलेल्या आहेत, आणि दमयंतीला हे लुगडे कुठून मिळाले असे कोणी विचारले नाही.

पाचवारीचा प्रवास याहून वाकडातिकडा. पुढे निऱ्या, डाव्या खांद्यावर पदर, आत परकर आणि पोलके, ही आज ज्याला आपण 'भारतीय साडी' म्हणतो ती पद्धत घडायला मुंबईचा हात लागला. सत्येंद्रनाथ ठाकूर हे पहिले भारतीय आयसीएस अधिकारी १८६४ पासून मुंबई इलाख्यात होते. त्यांची पत्नी ज्ञानदानंदिनी देवी यांनी इथल्या पारशी बायकांची साडी पाहिली, आपल्या सोयीने बदलली आणि कलकत्त्याला नेली. तिथे तिला 'बंबई दस्तूर' म्हणत. मराठी घरांत मात्र या गोल साडीला दोन पिढ्या शिव्या खाव्या लागल्या. कासोटा नाही म्हणजे 'विकच्छ', आणि विकच्छ बाईने धर्मकृत्याला बसायचे नाही. आनंदीबाई जोशी पेनसिल्व्हेनियात वैद्यक शिकत असताना तिथल्या थंडीत नऊवारी सोडून गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या, तर त्याचीही चर्चा झाली. १८८५ सालच्या त्यांच्या प्रसिद्ध छायाचित्रात जपानची, सीरियाची आणि महाराष्ट्राची अशा तिघी आपापल्या देशी वेशात बसल्या आहेत. आपण ते चित्र परंपरेचा अभिमान म्हणून घराघरांत लावतो. त्यातली मराठी बाई नेसण्याबाबत स्वतःचा निर्णय घेणारी होती, हे तसबिरीखाली कोणी लिहीत नाही.

सुधारकांचेही गाडे या ठिकाणी थबकते. आगरकरांनी 'स्त्रियांनी जाकिटे घातली पाहिजेत' असा निबंध लिहिला, यावरून प्रश्न किती जिव्हाळ्याचा होता ते कळते. आणि बायकांनी काय घालावे हे पुरुषाने सांगायचे, हा रिवाज सुधारणेच्या बाजूनेही सुटला नव्हता हेही कळते. विधवेचे आलवण तर पोशाखच नव्हे, शिक्षा होती. मळकट तांबडे वस्त्र, वपन केलेले डोके, कपाळ मोकळे. ती मोडायला निबंधांइतकाच उपयोगी पडला तो न्हाव्यांचा निर्धार. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी १८९० साली सभा घेतली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असे ठरवले. ज्याच्या हाताने शिक्षा अमलात येते तोच हात आवरला, तर शास्त्री काय करणार?

आता साधनांविषयी, कारण या विषयाची खरी अडचण तीच आहे. पुण्याच्या केळकर संग्रहालयात किंवा जुन्या वाड्यांच्या पेट्यांत जे उरले आहे ते शालू, पैठणी, जरीचे अंगरखे. हे कपडे वर्षातून दोनदा बाहेर निघत, म्हणून ते टिकले. रोजचे लुगडे विरले की त्याची गोधडी होई, गोधडी विरली की पोतेरे, आणि शेवटी चुलीत. राबणाऱ्या बायकांच्या शंभर वर्षांपूर्वीच्या कापडाचा नमुना हवा असेल तर संग्रहालयापेक्षा एखाद्या जुन्या गोधडीचे थर उसवावेत. वरच्या थराखाली दुसरा, त्याखाली तिसरा, कधी सोलापुरी, कधी इरकली काठाचा तुकडा, कधी कोणाच्या पोलक्याची बाही. वस्त्राचा अभ्यास करणाऱ्यांनी गोधडीकडे अजून हस्तकला म्हणूनच पाहिले आहे, दप्तर म्हणून नाही. पुरुषांच्या बाबतीत तर एवढेही नाही. भिकबाळी, शिरपेच, रंगीत अंगरखे हा सगळा थाट सोडून मराठी पुरुष पांढऱ्या सदऱ्यात आणि काळ्या कोटात कसा शिरला, यावर मराठीत फार थोडे लिहिले गेले आहे. भिकबाळी तेवढी आता तरुणांच्या कानात परत आली आहे. शिवलेल्या नऊवारीला मागे चेन असते आणि फेटा बांधून देणारे लग्नाच्या हॉलवर माणशी पैसे घेतात. यावर नाके मुरडणाऱ्यांत मी नाही. चेन लावलेली नऊवारी घालून मोटारसायकल चालवणारी मुलगी निदान कोणाच्या परवानगीची वाट पाहत नाही. मात्र तिलाच दुसऱ्या दिवशी एखाद्या देवळाच्या दारात पोशाखाच्या नियमांची पाटी दाखवून परत पाठवले जाते, तेव्हा १७७९ चा ठराव अजून पुरता रद्द झालेला नाही असे वाटते.

एक मोठी उणीव मान्य करतो. इथे नेसणाऱ्यांविषयी बरेच आहे, शिवणाऱ्यांविषयी जवळजवळ काही नाही. शिलाई मशीन आल्यावर गावातल्या शिंप्याचे काम कसे बदलले, पोलक्याचा गळा पहिल्यांदा कोणी खोल मागितला, परकराला नाडी की इलॅस्टिक, पँट शिवायला तालुक्याला का जावे लागे, हे सगळे शिंप्यांच्या मापाच्या वह्यांत आहे. नाव, छाती, कंबर, उंची, बाकी. एखाद्या पेठेतल्या तीन पिढ्यांच्या अशा वह्या एकत्र मिळाल्या तर कोणत्या सिद्धांतापेक्षा जास्त कळेल. दुकाने बंद होत आहेत आणि वह्या किलोवर रद्दीत जात आहेत. ज्यांच्या घरी, ओळखीत त्या असतील त्यांनी एवढे करावे, रद्दीवाल्याला द्यायच्या आधी एकदा जवळच्या विद्यापीठाच्या इतिहास विभागात विचारून पाहावे.